खुर्चीच्या दोन्ही बाजूंना

दुखऱ्या दाढेइतका माणसाला नम्र करणारा गुरू दुसरा नसेल. कचेरीत सगळ्यांना धाकात ठेवणारे साहेब, घरात कोणाचे ऐकून न घेणारे आजोबा आणि वर्गात तासभर अखंड बोलणाऱ्या आम्ही प्राध्यापिका, सारे एकदा त्या मागे कलणाऱ्या खुर्चीत पडलो की सारखेच. डोळे वर, तोंड उघडे, आणि हात खुर्चीच्या दांड्याला घट्ट धरलेले. अशा वेळी मनात विचार असतो तो एकच: 'हा माणूस आता माझे काय करणार?' परंतु खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला उभा असलेला तो माणूस, विशेषतः तो वीस-बावीस वर्षांचा विद्यार्थी असेल तर, त्याच्याही मनात काही भीती असते आणि तीही खरी असते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

माझ्या ध्यानात ते आले त्याला कारण माझी मराठी. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी एका दंत महाविद्यालयाने मला विचारले, "आमच्याकडे केरळ, गुजरात, राजस्थान, उत्तर प्रदेश अशी सगळीकडची मुले येतात. रुग्ण मात्र इथलेच. आमच्या मुलांना रुग्णांशी बोलण्यापुरते मराठी शिकवाल का?" मी होकार दिला, आणि तेव्हापासून दरवर्षी काही आठवडे व्याकरणाची पुस्तके बाजूला ठेवून मी 'ठणका', 'कळ' आणि 'शिवशिव' यांतला भेद शिकवीत आले आहे. थंड पाणी लागताच दात शिवशिवतो आणि लगेच थांबतो, ही एक गोष्ट. रात्री आडवे पडले की दाढ ठणकू लागते आणि झोप लागू देत नाही, ही वेगळी गोष्ट. पहिल्यात दाताचे वरचे कवच झिजलेले असते, दुसऱ्यात बहुधा आतली नस सुजलेली असते. उपचारही वेगळे. मराठीने हे निदान अर्धे करूनच ठेवले आहे. फक्त ते ऐकणाऱ्याला समजले पाहिजे.

या निमित्ताने मी त्या इमारतीत वावरू लागले, तिथल्या अध्यापकांशी बोलू लागले, आणि जे पाहिले-ऐकले ते आपल्यासारख्या कुटुंबांना सांगावे असे वाटले. कारण आपली मुले तिथे शिकायला जातात आणि आपली माणसे तिथे उपचाराला जातात. धोके दोन्ही बाजूंना आहेत, आणि बरेचसे टाळता येण्याजोगे आहेत.

स्वस्त आणि सावकाश

आपल्याकडे दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय १९२० मध्ये कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी काढले. त्यांचा २४ डिसेंबर हा जन्मदिवस आजही दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो. मुंबईतले नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. दंतवैद्यांचा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली आला.

अशा रुग्णालयाची रीत खासगी दवाखान्याहून निराळी. सकाळी केसपेपर काढायचा, बाकावर बसायचे, आणि नंबर आला की एका लांबलचक दालनात ओळीने मांडलेल्या वीस-पंचवीस खुर्च्यांपैकी एकीवर जायचे. पैसे थोडे पडतात, पण वेळ भरपूर जातो. विद्यार्थी एक पायरी करतो, मग सरांना किंवा मॅडमना बोलावतो. त्या पाहतात, वहीवर सही करतात, मग पुढची पायरी. बाहेर अर्ध्या तासात उरकणारे काम इथे दोन-तीन फेऱ्यांत होते. रुग्ण कुरकुरतात. पण ही सही म्हणजेच त्यांचे संरक्षण आहे. बाहेरच्या दवाखान्यात एकट्या डॉक्टरच्या डोक्यावर कोणी नसते. इथे प्रत्येक पायरीवर दुसरे डोळे असतात. घाई झाली, सही नंतर घेऊ असे ठरले, की धोका सुरू होतो.

घाई होण्याला कारणही आहे, आणि ते म्हणजे कोटा. परीक्षेला बसण्यापूर्वी अमुक इतके दात काढलेले, अमुक इतक्या दाढा भरलेल्या, इतक्या कवळ्या बसवलेल्या असल्या पाहिजेत, असा प्रत्येकाला हिशेब पुरा करावा लागतो. त्याशिवाय हात तयार कसा होणार? परंतु वर्षाच्या अखेरीस कोटा अपुरा राहिला की मुले हवालदिल होतात. कोणी मावशीला गावाहून बोलावून घेतो, कोणी कॅन्टीनवाल्याची दाढ मागतो. एक मुलगा मला म्हणाला, "मॅडम, तुमचा एखादा दात किडला असेल तर सांगा हं." मी हसले, पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. अशा मनःस्थितीतल्या मुलाला समोरचा रुग्ण हा माणूस न वाटता वहीतला आकडा वाटू लागण्याचा संभव असतो. चांगले अध्यापक हे ओळखून असतात आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत अधिक कडक होतात.

'आजार काही नाही, फक्त शुगर आहे'

माझ्या वर्गातला सर्वांत महत्त्वाचा धडा प्रश्न विचारण्याचा आहे. सुरुवातीला मुले ठराविक प्रश्न करीत, "काही आजार आहे का?" आणि उत्तर ठराविक येई, "नाही." मग सुई टोचायच्या वेळी बाई सहज म्हणत, "शुगरची गोळी आज घ्यायची राहिली बघा." आमच्या लोकांच्या लेखी मधुमेह हा आजार नव्हे, ती 'फक्त शुगर' आहे. रक्तदाब हा 'थोडासा बीपी' आहे. हृदयाला स्प्रिंग बसवून चार वर्षे झाली, म्हणजे तो विषय संपला! तब्येत ठणठणीत.

यात हसण्यासारखे आहे तसे घाबरण्यासारखेही आहे. मधुमेह ताब्यात नसेल तर दाढ काढल्याची जखम लवकर भरत नाही, चिघळते. उलट, 'दातवाल्याकडे जायचे म्हणून उपाशीच आले, पण गोळी मात्र घेतली' अशी बाई खुर्चीतच घामाघूम होऊन डोळे फिरवते. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल तर रक्त थांबायला वेळ लागतो, त्याची तयारी आधी करावी लागते. पण ती गोळी रुग्णाने आपल्या मनाने बंद केली तर हृदयाला किंवा मेंदूला धोका. हृदयात कृत्रिम झडप असेल, किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग होऊन गेला असेल, तर तोंडातले जंतू रक्तात शिरून पुन्हा तिथे घर करू शकतात. म्हणून दात काढण्यापूर्वी प्रतिजैविकाची मात्रा द्यावी लागते. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून उतारवयातल्या बायकांना दिली जाणारी काही औषधे अशी आहेत की ती चालू असताना दाढ काढली तर क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. हे सारे त्या पंचविशीही न गाठलेल्या मुलाला कळणार कसे, आपण सांगितल्याशिवाय?

म्हणून मी मुलांना प्रश्न बदलायला शिकवले. "आजार आहे का?" असे विचारू नका, "रोज कुठली गोळी घेता?" असे विचारा. "अॅलर्जी आहे का?" याऐवजी "कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठले होते का, चक्कर आली होती का?" असे विचारा. आणि "यकृताचा विकार?" असे तर विचारूच नका. "कधी कावीळ झाली होती का?" असे विचारा. या शेवटच्या प्रश्नाची किंमत मला माझ्याच घरात कळली.

सुईचे टोक

माझी एक भाची दुसऱ्या शहरातल्या दंत महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. एके रात्री दहाच्या सुमारास तिचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"मावशी, आईला सांगू नकोस. मला आज दुपारी सुई लागली."

भूल देऊन झाल्यावर ती सुईला टोपण घालत होती. टोपण निसटले आणि सुई डाव्या हाताच्या बोटात गेली. हातमोजा होता, पण सुईला रबराची काय मातब्बरी! तिने हात धुतला, नवा मोजा चढवला आणि काम पुरे केले. कोणाला काही सांगितले नाही.

"सरांना का नाही सांगितलंस?"

"ते म्हणतील, हिचा हात स्थिर नाही. मावशी, पुढच्या महिन्यात परीक्षा आहे गं. आणि त्या पेशंटना मी विचारलं होतं. ते म्हणाले, मोठा आजार काही नाही. दोन वर्षांपूर्वी फक्त कावीळ झाली होती, गावाकडे औषध घेतलं, बरे झाले."

आणि तिच्या स्वतःच्या कावीळ-प्रतिबंधक लशीच्या तीन मात्रांपैकी दोनच झाल्या होत्या. तिसरी अभ्यासाच्या गडबडीत राहून गेली होती.

मी डॉक्टर नाही. पण त्या इमारतीत वावरून एवढे शिकले होते की अशा वेळी घड्याळ महत्त्वाचे असते. मी म्हटले, "आत्ता ऊठ, खोलीतल्या मैत्रिणीला बरोबर घे आणि कॅज्युअल्टीत जा. सरांना मी उद्या भेटते, वाटल्यास." ती गेली. तिथल्या डॉक्टरांनी न रागावता सारे विचारले, तिचे रक्त घेतले आणि खबरदारी म्हणून एचआयव्ही-विरोधी औषधाची पहिली मात्रा लगेच दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रुग्ण जखम दाखवायला येणारच होता. त्याला सारे समजावून सांगितले, आणि त्या भल्या गृहस्थाने तत्काळ रक्त तपासायला संमती दिली. त्याचे नाव मला ठाऊक नाही, असण्याचे कारणही नाही. एचआयव्ही नव्हता, ते औषध थांबले. परंतु 'हिपॅटायटीस बी', म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, ती मात्र होती. दोन वर्षे तो माणूस आपण बरे झालो असे समजून ती अंगात वागवीत होता.

भाचीला चोवीस तासांच्या आत प्रतिपिंडांचे इंजेक्शन मिळाले आणि राहिलेली तिसरी मात्राही. सहा महिन्यांनी तिचा तपास निर्मळ आला. ते सहा महिने आमच्या घरात कसे गेले ते लिहीत नाही. ज्या सरांना ती भ्याली होती त्यांनी, तिने सांगितल्याबद्दल, सगळ्या वर्गासमोर तिला शाबासकी दिली आणि सर्वांच्या लशीच्या नोंदी त्याच दिवशी मागवल्या. त्या रुग्णाला यकृताच्या डॉक्टरांकडे पाठवले गेले आणि त्याच्या घरच्या सर्वांची तपासणी झाली. एक सुई टोचली म्हणून दोन घरे सावध झाली.

आकडे काय सांगतात

या रोगाचा विषाणू ज्या संशोधनातून हाती लागला ते बारूच ब्लूमबर्ग यांचे काम १९६५ च्या सुमाराचे. त्यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या लशीला १९८१ मध्ये मान्यता मिळाली. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवसांपर्यंत टिकून राहतो. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली तर शंभरात ६ ते ३० जणांना रोग होऊ शकतो. एचआयव्हीच्या बाबतीत हेच प्रमाण हजारात सुमारे ३ आहे. लोक भितात ते दुसऱ्याला. खरे भ्यायला हवे पहिल्याला. आणि गंमत अशी की पहिल्यावरच लस उपलब्ध आहे!

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात सुमारे तीन कोटी लोकांच्या अंगात हिपॅटायटीस बी होता. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. लहान मुलांच्या सरकारी लसीकरणात ही लस सर्व देशभर २०११ च्या सुमारास आली. म्हणजे आज दंत महाविद्यालयाच्या खुर्चीशेजारी उभी असलेली मुले त्याच्या आधी जन्मलेली. ज्यांच्या आईवडिलांनी खासगी डॉक्टरकडे ती टोचून घेतली त्यांची झाली. बाकीच्यांची झालीच असेल असे नाही. ज्या घरातला मुलगा वा मुलगी दंत किंवा वैद्यकीय शिक्षणाला जाणार असेल त्या घराने पुस्तकांच्या आणि अप्रनच्या खरेदीआधी या तीन मात्रा पुऱ्या कराव्या: पहिली, एक महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून संरक्षण पुरेसे तयार झाले की नाही तेही पाहून घ्यावे. कारण काहींच्या अंगी ती लस लागत नाही.

सुई टोचलीच तर बोट पिळायचे नाही, तोंडात घालायचे नाही. साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायचे आणि तडक सांगायचे. एचआयव्हीविरोधी औषध जितके लवकर, शक्य तर दोन तासांत, सुरू व्हावे. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. आणि मुळात सुईला टोपण दोन हातांनी घालायचेच नाही. टोपण तबकात आडवे ठेवायचे आणि एकाच हाताने सुई त्यात सरकवून ते उचलायचे. किती साधी युक्ती! पण दिवसभरातला दहावा रुग्ण असला की साधीच गोष्ट विसरते.

हातमोज्यांची गोष्ट

रबरी हातमोजे वैद्यकात आले ते रोग्याच्या रक्षणासाठी नव्हे, तर एका परिचारिकेच्या हातांसाठी. १८८९ च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड नावाचे शल्यविशारद होते. जंतुनाशक द्रावणाने त्यांच्या परिचारिकेचे हात सोलवटत, म्हणून त्यांनी तिच्यासाठी पातळ रबराचे मोजे बनवून घेतले. पुढे दोघांचे लग्न झाले. मोजे मात्र सगळ्या जगाचे झाले.

तरीही दंतवैद्य पुढची जवळजवळ शंभर वर्षे उघड्या हातांनीच तोंडात काम करीत. ओठावर पाणफोड असलेल्या रुग्णाकडून तोच विषाणू त्यांच्या बोटाला होई आणि नखाशी असह्य दुखणारे फोड येत. १९८० नंतर एचआयव्हीने सर्वांना जागे केले. १९९० मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या एका दंतवैद्याकडून त्याच्या रुग्णांना एचआयव्ही गेल्याचे उघडकीस आले. अशा रुग्णांची संख्या पुढे सहा झाली. तो नेमका कसा गेला याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. पुढच्याच वर्षी तिथे रक्तातून होणाऱ्या संसर्गाबाबत कडक नियम आले. आज तत्त्व असे आहे की प्रत्येकाचे रक्त आणि प्रत्येकाची लाळ बाधित आहे असेच समजून काम करायचे, मग समोर न्यायाधीश असो की हमाल. यात कोणाचा अपमान नाही. उलट, सर्वांना सारखे मानणारा असा नियम दुसरीकडे क्वचितच आढळतो.

आपल्या देशात २०१७ च्या कायद्याने एचआयव्ही असलेल्या माणसाला उपचार नाकारता येत नाहीत. म्हणूनच अशा माणसाने ते लपवू नये. आणि विद्यार्थ्यानेही ते कळल्यावर मागे सरू नये.

जे दिसत नाही ते

दात कोरणारे ते किंचाळणारे यंत्र मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. ते तापू नये म्हणून त्यातून पाण्याचा फवारा उडतो, आणि त्या फवाऱ्याबरोबर लाळेचे, रक्ताचे सूक्ष्म तुषार हवेत तरंगतात. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली तेव्हा दातांचे दवाखाने जवळजवळ ओस पडले ते याच कारणाने. तेव्हापासून या तुषारांची जाणीव लोकांना झाली. परंतु आपल्या देशात त्याआधीही हवेतून येणारा एक जुना पाहुणा होताच, तो म्हणजे क्षय. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. दोन आठवड्यांहून जुना खोकला असलेला माणूस दाढ दाखवायला आला, तर आधी त्याच्या छातीची चौकशी झाली पाहिजे. उघड्या खिडक्या, घट्ट बसणारा मास्क, लाळ ओढून घेणारी नळी आणि कामापूर्वी रुग्णाने भरलेली चूळ या साध्या गोष्टींनी धोका पुष्कळ कमी होतो.

पाण्याचेही तसेच. खुर्चीला जोडलेल्या बारीक नळ्यांत पाणी रात्रभर साचून राहते आणि नळीच्या आतल्या अंगाला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. २०११ मध्ये इटलीत ८२ वर्षांच्या एका बाईंना न्यूमोनिया होऊन मृत्यू आला; तपासाअंती तो जंतू दंतवैद्याच्या खुर्चीच्या पाण्यातला निघाला. म्हणून सकाळी काम सुरू करताना काही मिनिटे आणि प्रत्येक रुग्णानंतर अर्धा मिनिट पाणी वाहू देणे, नळ्यांना वेळोवेळी औषध लावणे, हे नियम आहेत.

हत्यारांसाठी ऑटोक्लेव्ह असतो. त्याला आपण मोठा प्रेशर कुकर म्हणू. आत वाफ १२१ अंशांवर पंधरा मिनिटे कोंडून धरली की चिवटातले चिवट जंतूही मरतात. नुसत्या उकळत्या पाण्याने ते मरत नाहीत. पण कुकरची शिटी झाली म्हणजे डाळ शिजलीच असे जसे कुठलीही गृहिणी धरून चालत नाही, तसे इथेही आहे. मुद्दाम चिवट जंतूंची पुडी आत ठेवून ती मेली की नाही हे दर आठवड्याला तपासावे लागते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एका दवाखान्यात अशा तपासण्यांत हयगय झाली. सुमारे सात हजार रुग्णांना रक्ततपासणीसाठी बोलवावे लागले, आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याला हिपॅटायटीस सी गेल्याचे सिद्ध झाले. श्रीमंत देश, महागडा दवाखाना. पण पुडी तपासायला कोणी नव्हते.

चांदी, किरण आणि पाठ

आपण 'दाढेत चांदी भरली' म्हणतो. त्या चांदीत निम्मा पारा असतो. भरल्यावर तो धातूंशी घट्ट बांधला जातो, म्हणून ज्यांच्या दाढेत ती वर्षानुवर्षे आहे त्यांनी घाबरून उपटून घेण्याचे कारण नाही. धोका अधिक तो ती कालवणाऱ्याला आणि जुनी कोरून काढणाऱ्याला, पाऱ्याच्या वाफेचा. पूर्वी विद्यार्थी हे मिश्रण तळहातावर दाबून पारा निथळीत, असे एका ज्येष्ठ अध्यापकांनी मला सांगितले. आज ते बंद कुपीत यंत्राने मिसळले जाते. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून चांदी भरणे बहुतांशी बंदच केले.

क्ष-किरणांची कथा करुण आहे. राँटगेन यांचा शोध नोव्हेंबर १८९५ चा. दोनच महिन्यांनी जर्मनीत दातांचे पहिले छायाचित्र निघाले, त्याला पंचवीस मिनिटे लागली होती. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी हे तंत्र वाढवले. यंत्र जुळवताना ते आपलाच हात किरणांत धरीत. पुढे कर्करोगाने त्यांची बोटे गेली, मग हात गेला. अनेक शस्त्रक्रिया सोसून १९२८ मध्ये त्यांनी आपले आयुष्य संपवले. आजच्या एका छायाचित्रात किरण अगदी थोडे असतात. रुग्णाने भिऊ नये. पण दिवसाकाठी अनेक फोटो काढणाऱ्या विद्यार्थ्याने रुग्णाच्या तोंडात फिल्म आपल्या बोटाने कधीही धरू नये आणि दोन मीटर दूर किंवा आडोशाला उभे राहावे, हा धडा केल्स यांच्या हाताच्या मोलाने मिळालेला आहे.

राहता राहिली मान आणि पाठ. दिवसभर वाकून, मान वेळावून, सशाच्या बिळात डोकवावे तसे तोंडात डोकवायचे. विशीतच मुले खांदे चोळताना दिसतात. आरसा वापरून ताठ बसण्याची सवय पहिल्या वर्षी लागली तर लागली.

आपण काय करावे?

दंत रुग्णालयात जाताना पोटभर खाऊन जावे, आणि रोजच्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाकावी. नावे पाठ असण्याची गरज नाही. शुगर, बीपी, हृदय, कावीळ, खोकला, गर्भारपण, अंगावर उठलेले औषध, सारे न विचारता सांगावे. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ओठावर पाणफोड आली असेल आणि काम तातडीचे नसेल, तर आठवडाभर थांबावे. मोजे आपल्यासमोर बदलले का, हत्यारांची पाकिटे आपल्यासमोर फोडली का, सुई नवी आहे का, हे विनयाने विचारावे. चांगल्या विद्यार्थ्याला त्याचा राग येत नाही; त्याच्या सरांना तर आनंदच होतो. आणि सही व्हायला वेळ लागला तर कुरकुर करू नये.

एक लाभही सांगते. ही मुले दाढेबरोबर सगळे तोंड पाहतात: गाल, जीभ, टाळू. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी त्याच्या खुणा तोंडातोंडांतून दिसतात; आणि मिश्री लावणाऱ्या आमच्या आजीबाईंना तर ते व्यसन वाटतच नाही. न दुखणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंडात तीन बोटे उभी न मावणे, या गोष्टी कर्करोगाच्या आधीच्या पायऱ्या असू शकतात. दाढ दाखवायला गेलेल्या माणसाचा असा चट्टा एखाद्या विद्यार्थ्याने वेळेवर ओळखला, तर त्या माणसाचा जीव वाचू शकतो.

ज्यांची मुले हे शिकत आहेत त्या आईबापांना एवढेच सांगायचे आहे की घरी फोन आला की गुण किती मिळाले हे जरूर विचारा, पण त्याआधी लशीची तिसरी मात्रा झाली का ते विचारा. आणि चूक झाली, सुई लागली, हात थरथरला, तरी ते घरात सांगता येईल असे घर ठेवा. सांगायला भिणारे मूल हाच या साऱ्या धोक्यांतला मोठा धोका आहे. जंतूंवर लस निघाली, या भीतीवर अजून निघालेली नाही.

दिवाळीच्या फराळानंतरच्या आठवड्यात दंत रुग्णालयांचे बाक भरून जातात, असे तिथली मंडळी हसत सांगतात. कडक चकलीने कोणाची कॅप निघालेली असते, पाकातल्या लाडवाने कोणाची जुनी दाढ जागी झालेली असते. आपल्यावर तो प्रसंग आलाच, तर केसपेपर हातात घेऊन खुशाल जावे. समोर एखादे कोवळे पोर पांढऱ्या अप्रनमध्ये उभे असेल आणि मोडक्या मराठीत विचारील, "काका, रोज कुठली गोळी घेता?" त्याला खरे उत्तर द्यावे. त्यात आपलेही रक्षण आहे आणि त्याचेही.